खंडेनवमीचं तेल

पैसे मोजून अंगावर रंगाच्या गोळ्या मारून घ्यायच्या, हा कसला खेळ, ते चिमणाबाईंच्या डोक्यात अजूनही शिरलेलं नाही. पण उचगावच्या पलीकडं विजयसिंहांनी पेंटबॉलचं मैदान काढलं आणि लेकाला, कृष्णातला, तिथं बंदुकांना लागणाऱ्या हवेच्या टाक्या भरायचं काम मिळालं, तेव्हा गल्लीभर पेढे वाटले ते त्यांनीच.

कृष्णात कामाला चोख. टाकी घ्यायची तर आधी तिच्यावर कोरलेली तपासणीची तारीख बघायचा, पोचे-चरे बोटांनी चाचपायचा. स्वस्तात मिळते म्हणून जुनी टाकी त्यानं कधी उचलली नाही. भरताना डोळ्यांवर गॉगल, आणि हवा सोडायची ती अगदी सावकाश. "नुसती हवाच हाय, पर दाबून बसवल्याली हाय. चिडली तर कुणाच्या बाचं ऐकायची न्हाय," असं तो खेळायला येणाऱ्यांना सांगायचा.

आणि टाकीच्या तोंडाला तेलाचं बोट लागता कामा नये. तेवढ्या दाबाच्या हवेत तेल पेट घेतं. मैदानावर त्यानं हे सगळ्यांना बजावलं होतं. घरात सांगायचं राहिलं. घरात कोण टाक्या भरायला बसलं होतं?

गेल्या वर्षी खंडेनवमीला त्यानं एक टाकी पूजेला घरी आणली. हत्याराची पूजा म्हणजे आधी पुसायचं, मग तेलाचा हात फिरवायचा, मग हळद-कुंकू आणि झेंडू. खुरप्याला, विळ्याला, पाण्याच्या मोटरीला चिमणाबाईंनी जन्मभर तसंच केलं. ही तर लेकाच्या पोटापाण्याची टाकी. कृष्णात आंघोळीला गेला होता तेवढ्यात त्यांनी तिला अगदी तोंडापर्यंत तेल लावलं, फूल वाहिलं आणि हात जोडले.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याची गर्दी. कृष्णातनं घाईघाईत हळद-कुंकू पुसलं, टाकी जोडली, हवा सोडली. तेलाचा वास नाकात शिरला आणि त्याच क्षणी भडका उडाला. उजवा पंजा गेला.

दवाखान्यात आई उशाशी बसली होती. तिचं तोंड बघून त्यानं तिथंच ठरवलं, हिला कळू द्यायचं नाही. "हवा लई जोरात सोडली. माझीच चूक," तो म्हणाला, आणि विचारील त्याला तेच सांगत राहिला. लोकांना काय, बोलायला निमित्तच हवं. चोख माणूस हां हां म्हणता निष्काळजी ठरला. ते त्याला हातापेक्षा जास्त दुखलं. विजयसिंहांनी टाक्या निवडायला त्याला ठेवून घेतलं, एवढंच बरं.

यंदा त्यानं टाकी घरी आणलीच नाही. तर चिमणाबाई पूजेचं ताट घेऊन रिक्षानं मैदानावर हजर.

"गेल्या साली पूजंत कायतरी कमी पडलं आसंल रं. औंदा नीट करती," म्हणत त्यांनी तेलाच्या वाटीत बोटं बुडवली आणि टाकीच्या तोंडाकडं नेली.

"तेल नगं! हात लावू नगंस!"

कृष्णात असा ओरडला की मैदानावरची माणसं वळून बघायला लागली. त्याच्या थोट्या हाताच्या धक्क्यानं वाटी मातीत पडली. आईवर तो आजवर कधी ओरडला नव्हता. चिमणाबाईंनी त्याच्याकडं बघितलं, टाकीकडं बघितलं, मग स्वतःच्या बोटांकडं.

"तेलानं झालं व्हय रं?"

"न्हाय गं आये. मीच घाई केलती."

पण आईला काय, लेकाचं खोटं कळतंच. त्या बोटं पदराला पुसत राहिल्या, तेल निघून गेलं तरी पुसतच राहिल्या.

संध्याकाळी त्यांनी त्याला ताट वाढलं. रोज त्या शेजारी बसून भाकरी कुस्करून द्यायच्या. आज भाकरी अख्खीच होती, आणि त्या दाराशी जाऊन बसल्या होत्या.

"कुस्करून दे की," कृष्णात म्हणाला.

"डाव्या हातानं मोड, लेकरा," चिमणाबाई वळूनसुद्धा न बघता म्हणाल्या. "माझा हात नगं आता तुझ्या कशालाबी लागाय."