डाव्या बाजूचं बेअरिंग

फिटरनं गाडी जॅकवर चढवली तेव्हा सकाळचे साडेआठ झाले होते आणि त्याचे गुडघे आधीच कुरकुरायला लागले होते. एकतीस वर्षं बसडेपोत घालवलेला माणूस. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी गल्ली त्याला फिटरच म्हणायची. त्याची ख्याती अशी की बस फाटकातून आत येतानाच हा नुसता कान देऊन सांगायचा, मागचं चाक उघडा. आणि उघडलं की दुखणं नेमकं तिथंच.

आज समोर बस नव्हती, लेकीची सेकंडहँड एसयूव्ही होती. उद्या पहाटे ती घेऊन लेक एकटी निघणार होती, सहाशे किलोमीटरवर, नव्या नोकरीवर रुजू व्हायला. पंधरा दिवस मागच्या चाकातून घरघर येत होती. वेग वाढला की जातं फिरल्यासारखी. बेअरिंग झिजलंय हे शेंबडं पोरही सांगेल. पण झिजलेलं बेअरिंग भर रस्त्यात निकामी झालं तर चाक जागेवर राहीलच याची खात्री नाही, हे फिटरइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. गॅरेजात टाकू या का, असं लेक एकदा म्हणाली, तर तो दोन दिवस तिच्याशी नीट बोलला नव्हता.

तिनं दोन्ही बाजूंची बेअरिंगं आणली होती, चाक ज्यावर बसतं त्या हबसकट, खोक्यात बंद. दुकानदार म्हणाला होता, जोडीनंच बदला. फिटरनं एक खोकं न उघडताच भिंतीशी सरकवलं. डेपोचा नियम त्याच्या अंगात मुरलेला: वाजेल तेच उघडायचं, सुखानं चाललेल्याच्या वाटेला जायचं नाही.

आणि वाजतंय कुठलं, हे त्यानं सकाळीच ठरवलं होतं. तिघं मोठ्या रस्त्यापर्यंत चक्कर मारून आली होती. फिटर उजवीकडे चालवायला, लेक शेजारी, बायको त्याच्या बरोब्बर मागं. डावं, असं त्यानं जाहीर केलं. बायको म्हणाली, मला तर आवाज माझ्या बुडाखालून येतोय.

"तुला सगळंच तुझ्या बुडाखालून येतं," तो म्हणाला. लेक हसली आणि विषय तिथंच मिटला.

मग डाव्या चाकाशी कुस्ती सुरू झाली. चाक उतरवलं, गाडी लोखंडी घोडीवर टेकवली, ब्रेकचा कॅलिपर सोडून तारेनं वर टांगला, डिस्क काढली. हबचे चार बोल्ट. दोन मुकाट्यानं आले, तिसऱ्यानं दीड तास खाल्ला, चौथ्याच्या पायी फिटरच्या मनगटाचं सालटं निघालं. बोल्ट गेले तरी हब गंजून असा बसलेला, की रुसलेला जावई बरा. हातोडीचे घाव मोजणं लेकीनं साठावर सोडून दिलं. बायको दोनदा चहा ठेवून गेली, दोन्ही वेळा तो गार झाला.

दुपारी एकला हब निघाला. फिटरनं तो सवयीनं तळहातावर घेऊन फिरवला.

लोण्यासारखा फिरला. खरखर नाही, गचका नाही. वरखाली दाबून पाहिला. तसूभर हलला नाही.

"कसं आहे?" लेकीनं विचारलं.

"गेलंय," फिटर म्हणाला, आणि ते फडक्यात गुंडाळून गाडीखाली सारलं. भार पडल्यावरच वाजत असेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. हातानं नाही म्हटलं होतं, पण हातापेक्षा त्याचा कानावर भरवसा जुना होता.

साडेतीनला नवं बसवून झालं. या वेळी गाडी लेक चालवत होती, फिटर शेजारी, आई परत त्याच मागच्या जागेवर. मोठा रस्ता लागला, काटा साठावर गेला आणि घरघर सुरू झाली. तीच. लेकीनं पुढच्या चौकातल्या गोलाला एक फेरी मारली, मग उलट्या वळणावर घेतली, मग पुन्हा.

"बाबा, डावीकडे वळलं की वाढतोय. म्हणजे भार उजव्यावर येतो तेव्हा. तूच शिकवलंयस मला."

"मला डावीकडूनच येतोय."

मागून बायको बोलली. आवाज चढवला नाही, भाजी निवडताना बोलावं तशी बोलली. "तुम्हाला सगळंच डावीकडून येतं. तीन वर्षं मी पलंगावर तुमच्या डाव्या बाजूला झोपते, ते काय हवेसाठी?"

लेकीनं गाडी कडेला घेऊन बंद केली.

डेपोत फिटरच्या बाकाच्या उजव्या हाताला हवेचा कॉम्प्रेसर होता, दिवसभर धडधडणारा. हळूहळू त्या आवाजानं त्याचा उजवा कान नेला. शेवटच्या वर्षी तर फिटर बस फाटकात आली की आधी ड्रायव्हरला गप्पांत गुंतवायचा, कुठून वाजतं ते त्याच्याच तोंडून काढायचा आणि मग निदान सांगायचा. हे त्यानं घरी कधी सांगितलं नव्हतं, आणि आताही जेमतेम चार वाक्यांत सांगितलं. पाचवं जड गेलं.

"काढलं ते चांगलं होतं. हातात घेतलं तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"ते बोललो असतो तर कानाचंही बोलावं लागलं असतं."

"आणि मी उद्या तशीच निघाले असते तर?" लेकीनं विचारलं. मग तिनं किल्ली फिरवली आणि गाडी घराकडे वळवली.

घरी येईस्तोवर पाच वाजले. फिटरनं पाना उचलला, पण पहिल्याच बोल्टवर तो घसरला. लेकीनं पाना काढून घेतला. "मी करते. तू बस आणि सांग." फिटर आयुष्यात बसून काम करणारा माणूस नव्हता. तो पालथ्या क्रेटवर बसला, कारण उभं राहवत नव्हतं.

तो सांगत गेला, ती करत गेली. पान्याला लोखंडी नळी लाव, जोर वाढतो. नळी लावली. बोल्ट कुरकुरला की थांब, उलटा घे, परत सुलटा. सेन्सरची वायर आधी सोडव, नाहीतर तुटेल. मध्येच त्यानं डावा कान तिच्याकडे केला, उघडपणे, आणि परत विचारलं, काय म्हणालीस? तिनं मोठ्यानं परत सांगितलं. आई टॉर्च धरून उभी होती आणि घावांच्या मधल्या वेळात दोघांनाही टोमणे मारत होती.

उजवा हब निघाला. लेकीनं फिरवला आणि बापाच्या हातात दिला. बोटांखाली रेती भरल्यासारखा खरखरला. अंगठ्यानं दाबला तर डुगडुगला. फिटरनं तो गाडीखाली सारला नाही, मांडीवर ठेवून घेतला.

भिंतीशी सरकवलेल्या खोक्यातलं नवं बसलं, टॉर्क पान्यानं बोल्ट आवळले, चाक चढलं. चक्कर मारायची वेळ आली तेव्हा लेकीनं पुढचं दार त्याच्यासाठी उघडलं.

"तुम्ही दोघी जा. मी येऊन काय ऐकणार?"

त्या गेल्या. वीस मिनिटं तो क्रेटवर बसून राहिला. गाडी कोपऱ्यावर वळलेली त्याला आधी दिसली, मग ऐकू आली. बायको उतरली, तिनं नुसती मान हलवली: काही नाही. लेक म्हणाली, काटा नव्वदवर नेला, गाडी निजलेल्या पोरासारखी शांत चालते. त्यानं ते मानून घेतलं. उघडउघड दुसऱ्याच्या शब्दावर गाडी पास करायची ही त्याची पहिलीच वेळ.

"शंभर किलोमीटरवर थांबायचं," तो म्हणाला. "दोन्ही मागच्या चाकांचे नट स्वतः आवळायचे. दुसऱ्या कोणाच्या हातात पाना द्यायचा नाही."

"बरं."

"आत्ता दाखव कसे आवळशील."

"बाबा, आत्ता?"

"आत्ता."

ती पाठीत वाकून चाकाशी बसली आणि समोरासमोरचे नट एकेक करून आवळायला लागली. फिटरनं क्रेटवरून उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तेव्हा त्यानं बायकोपुढं हात केला.