कोपऱ्यातला शिपाई

पैठणहून येताना एसटीत वडिलांनी एकच गोष्ट सांगितली, "आज तरी तोंडाला कुलूप लाव, माय." माझं तोंड आधीच बदनाम. त्यात पोरगं मीच पसंत केलेलं, दोन्ही घरं कशीबशी तयार झालेली. आज बिनसलं की संपलंच सगळं.

छावणीत त्यांचं घर. मुलाचे वडील फौजेतून रिटायर झालेले, मिशासुद्धा सावधान! पोहे झाले, चहा आला. मग त्यांनी मला भिंतीवरच्या चित्राकडं वळवलं. "हे मी काढलंय. बघून सांग, काय चाललंय?"

वाळवंटातली लढाई होती. रणगाडे, धूर, वाळूत आडवे पडलेले जवान. आणि खाली कोपऱ्यात, लढाईकडं पाठ केलेला एक बारका शिपाई.

"हा कुठं चाललाय?" त्यांनी नेमकं त्याच्यावरच बोट ठेवलं.

"पाणी आणायला असंल की," माझे वडील घाईनं म्हणाले.

"मी पोरीला विचारलं."

मी जवळ गेले. शिपायाच्या हातात बाटली नव्हती, बंदूकही नव्हती. मान खांद्यात घातलेली, पाठीत धपाटा बसणार असल्यासारखी. मुलगा डोळ्यांनी विनवत होता, पाणी म्हण, पाणी म्हण. पण दिसतंय ते दिसतंय, जीभ ऐकेच ना.

"पळतोय," मी म्हणाले. "लई भ्यालाय."

झालं, गेलं सगळं मातीत! माझ्या जिभेला हाड कसं ते नाहीच. मी पदर मुठीत आवळून उभी राहिले.

"व्हय," ते चित्राकडं बघतच म्हणाले. "लई भ्यालो होतो. अंधार पडल्यावर परत गेलो, तर माझा जोडीदार संपला होता. कुठं होतास, कुणी विचारलं नाय. घरात तर सगळे चित्रातल्या मला पाणी आणायलाच धाडतात."

मुलगा वडिलांकडं बघतच राहिला. त्याला हे ठाऊक नव्हतं. ते येऊन माझ्या वडिलांशेजारी बसले. "तारीख काढा," एवढंच म्हणाले.

चित्र अजून तिथंच आहे. परवा त्याच लढाईतले एक म्हातारे दोस्त आले. चष्मा लावून चित्राला नाक टेकवलं. "अरे, हा कुठं निघालाय?"

सासऱ्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"पाणी आणायला, काका," मी म्हणाले, आणि चहाचा कप पाहुण्यांच्या हातात दिला.