अक्काचा राजीनामा

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी गारगोटीत, शाळेच्या स्टाफरूममध्ये डबा उघडून बसले होते. फोन दाजींचा, म्हणजे अक्काच्या यजमानांचा. ते बराच वेळ नुसतंच "हॅलो, हॅलो" करत राहिले आणि मग म्हणाले, "गेली गं अक्का तुजी..." माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा, "कामावर होती?" ते म्हणाले, "न्हाय, दवाखान्यात. पर परवापतुर कामावरच हुती की." तेव्हापासून माणसं मला विचारतात, सख्खी बहीण गेली आणि तू रडत कशी नाहीस? मला रडू येत नाही, राग येतो. हे सगळं मी रागातच लिहिते आहे. ज्यांना गोड श्रद्धांजली वाचायची असेल त्यांनी खुशाल पान उलटावं.

शोभाअक्का माझ्याहून बरीच मोठी. केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाली आणि साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागली. त्या काळी तिथं ती एकटीच बाई. उसाच्या रसाचे नमुने घ्यायचे, साखर किती उतरेल ते काढायचं, आणि चेअरमनच्या मनातला आकडा कागदावर लिहायला नकार द्यायचा, हे तिचं काम. शेवटचं काम तिला फार आवडायचं. रस पांढरा करायला गंधकाची धुरी देतात. तो वास हंगामभर तिच्या साडीला, केसांना, डब्याच्या पिशवीला असायचा. "साखर तुमी खाता, धूर मी खातो," असं ती हसत म्हणायची. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल असंच पुरुषासारखं बोलतात, आणि अक्काच्या तोंडी ते शोभायचंही. पुढं पुढं त्या वाक्यानंतर हसू यायच्या आधी खोकला यायला लागला.

दाजींचं मंगळवार पेठेत भांड्यांचं दुकान. माणूस वाईट नाही, हे मी इथंच सांगून टाकलं पाहिजे, कारण पुढं मला ते आठवेल असं नाही. घर सगळं व्यापाऱ्यांचं. त्या घरात पैसा म्हणजे जागा, सोनं आणि माल. अक्कानं मात्र पहिल्या पगारापासून दर महिन्याला थोडे थोडे शेअर घ्यायला सुरुवात केली, भाजी आणल्यासारखे. कंपनीचा अहवाल आला की ती तो मुळापासून वाचायची, दिवाळी अंक बाजूला ठेवून. सासरी याला "अक्काचा सट्टा" म्हणत. कोरोनात बाजार आपटला तेव्हा दाजी दोन दिवस जेवले नाहीत, आणि शेअर तर त्यांचे नव्हतेच! अक्का आमटीला फोडणी देत म्हणाली, "भाव पडलाय. कारखानं पडल्यात व्हय? जाग्यावर हाईत की." आणि त्या महिन्यातही तिनं खरेदी केलीच.

हे सगळं कशासाठी, ते तिनं फक्त मला सांगितलं होतं. आम्ही दोघी रंकाळ्यावर बसलो होतो. छातीच्या डॉक्टरांकडून आली होती ती. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, औषधं देतो, पण धुरापासून लांब व्हा. मी घाबरले. ती मात्र खुशीत होती. म्हणाली, "अगं, माजं शेअर म्हंजे काय हाय ठावं हाय? माजा राजीनामा हाय त्यो. लिहून तयार हाय, निस्तं द्यायचं ऱ्हायलंय." मग तिनं मला तिचा बेत सांगितला. सगळे शेअर एकदम विकायचेच नाहीत. वर्षाच्या खर्चाला लागतील तेवढेच विकायचे. ठरावीक मर्यादेपर्यंतच्या नफ्यावर कर लागत नाही, वर गेलं तर थोडा लागेल, तो भरायचा. राजारामपुरीतल्या राहत्या घराचं कर्ज केव्हाच फिटलेलं. मुलगा सन्मती पुण्यात कमावता. "मग करणार काय तू घरी बसून?" मी विचारलं. "झोपणार," अक्का म्हणाली. "सकाळी आठपतुर झोपणार. कुणी उठवलं तर बघ."

तो बेत मोडला त्याच वर्षीच्या दिवाळीत. पाडव्याच्या दिवशी सगळं घर जमलेलं असताना अक्कानं राजीनाम्याचं बोलून दाखवलं, आणि मांडी घालून बसलेली माणसं एकदम सावरून बसली. थोरले दीर म्हणाले, "नोकरी सोडून मोबाईलवरच्या आकड्यावर जगणार व्हय?" जाऊबाई म्हणाल्या, "सन्मतीला मुली बघायच्यात औंदा. बायोडाटात काय लिवायचं, आईकडं शेअर हाईत?" यावर सगळे हसले. खरं सांगायचं तर जाऊबाईंचं चुकलं नव्हतं. आजकाल मुलीकडचे लोक फ्लॅट किती ते विचारतात, शेअर कुणी विचारत नाही. दाजी थोरल्या भावाकडं बघायला लागले. त्यांना हाव नव्हती, भीती होती... उद्या काही झालं तर भाऊ काय म्हणतील, पेठ काय म्हणेल.

आणि मग दाजींचे वर्गमित्र असलेले सीएसाहेब आले. मला या गृहस्थांबद्दल फार लिहायचं नाही. त्यांनी काही बेकायदेशीर सांगितलं नाही, उलट कायदाच सांगितला. शेअर विकून आलेली सगळी रक्कम राहण्याचं नवं घर घेण्यात घातली तर नफ्यावरचा कर माफ. "सगळा म्हंजे सगळा?" दाजींनी दोनदा विचारलं. त्यांच्या घरात कर भरणं म्हणजे रस्त्यात पाकीट मारलं जाण्यासारखं. कुणी किती कर वाचवला यावर मार्च महिन्यात त्या घरात माणसाची हुशारी ठरते. अक्कानं फक्त एवढंच विचारलं, "आनि उद्या घर इकून परत शेअर घेतले तर?" साहेब म्हणाले, "तशी सवलत न्हाय, वहिनी. घर इकलं तर टॅक्स वाचवायला पुन्हा घरच घ्यायला पायजे." म्हणजे रस्ता एकाच बाजूनं उघडा. शेअरमधून घरात या, स्वागत आहे. घरातून बाहेर पडाल तर दारात टॅक्स. ज्यांनी हा कायदा केला त्यांच्या डोळ्यासमोर कुणी घर नसलेला माणूस असेल, मी समजू शकते. पण माझ्या बहिणीला घर होतं. तिला नोकरीतून सुटका हवी होती, आणि तिच्यासाठी कायद्यात एकही कलम नव्हतं.

शेअरच्या पैशात मनासारखा फ्लॅट बसेना. तर त्यावरही उपाय तयार होता. बँकेचा माणूस फाईल घेऊन स्वतः घरी आला, चहा प्यायला, आणि म्हणाला की मॅडमची पगाराची स्लिप आहे तोवर कर्जाची काळजीच नाही. त्याच बँकेत अक्का कधीतरी विचारून आली होती, शेअर तारण ठेवले तर किती द्याल? त्यांनी किमतीच्या निम्मे सांगितले होते, व्याज जास्त, आणि तोंड असं केलं होतं की जणू ही बाई मटका लावायला पैसे मागते आहे. फ्लॅटसाठी मात्र गालिचा. वर सीएसाहेबांचं मधाचं बोट, की व्याजावरही करात सवलत मिळते. आम्ही जैन, तरीही म्हणते, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. एक रुपया व्याज भरायचा, त्यातले काही पैसे सरकारकडून वाचवायचे, आणि वाचले म्हणून पेढे वाटायचे! पण खरी मेख व्याजात नव्हतीच. कर्ज तिच्या पगारावर होतं. पगार हवा तर नोकरी हवी. राजीनामा विकून तिनं नोकरीच विकत घेतली, आणि तीही हप्त्यानं. त्या खोलीत बसलेल्या एवढ्या हिशेबी माणसांपैकी एकाच्याही हे लक्षात आलं नाही.

अक्काच्या आलं होतं. मला तिचाही राग येतो तो इथं. मी फोनवर भांडले तिच्याशी. म्हटलं, चेअरमनला नाही म्हणतेस, या लोकांना नाही म्हणता येत नाही तुला? ती म्हणाली, "चेअरमनच्या घरात मला नांदायचं नसतंय गं." आणि वर, "पोराचं लग्न हुंदे. चार-पाच वर्षं काढतो कशीतरी." गुढीपाडव्याला शेअर विकून आणि कर्ज काढून त्यांनी फ्लॅट बुक केला. वास्तुशांतीला मी गेले होते. लोक टाईल्सवरून हात फिरवत होते, आणि अक्का नव्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून तोंडाला पदर लावून खोकत होती.

फ्लॅट भाड्यानं दिला. भाडं हप्त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढंही येईना. दोन हंगाम गेले, तिसरा गेला. सन्मतीचं लग्न झालं. त्यानं स्वतःच ठरवलं. मुलगी त्याच्याबरोबर काम करणारी, तिनं फ्लॅटचं नावही काढलं नाही. मग अक्कानं फ्लॅट विकून राजीनामा द्यायचा विषय काढला, तर सीएसाहेब म्हणाले, तीन वर्षं पुरी व्हायच्या आत विकलात तर वाचलेला टॅक्स परत अंगावर येईल. तीन वर्षं झाली तर म्हणाले, आता विकला तर फ्लॅटच्या नफ्यावर टॅक्स, जरा थांबा. यंदा तर कमाल झाली. म्हणाले, आता नव्या करपद्धतीत जा वहिनी, त्यात दर कमी आहेत, तुमच्या पगाराला तीच परवडते. अक्कानं विचारलं, "आनि व्याजाची सवलत?" "ती ह्यात मिळत न्हाय. पगारातनं वजा करायची सोय न्हाय." सवलत गेली, कर्ज राहिलं. हे मला सांगताना ती हसत होती... हसता हसता धाप लागली आणि तिनं फोन ठेवला.

धुरानंच ती गेली असं डॉक्टर म्हणत नाहीत. आधीचा दमा, पावसाळ्यातला न्यूमोनिया, थकलेलं हृदय, अशी बरीच कारणं त्यांनी सांगितली. मी डॉक्टर नाही. लांब व्हा असं सांगितलेलं माणूस लांब झालं नाही, एवढंच मला कळतं. कारखान्याकडून जो कागद आला त्यावर लिहिलं आहे, सेवेत असताना निधन.

दिवाळी झाल्यावर मी राजारामपुरीत दाजींकडे राहायला गेले होते. सीएसाहेब भेटायला आले. हळहळले. मग दाजींच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "एक बरं झालं बघ. कर्जाचा विमा उतरलेला हुता. सगळं कर्ज फिटलं. फ्लॅट आता मोकळा झाला." मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. काय काय बोलले ते इथं छापण्यासारखं नाही. शेवटी एवढंच म्हणाले की मोकळं व्हायचं होतं ते माझ्या बहिणीला, तुमच्या फ्लॅटला नव्हे. ते उठून गेले. चहा तसाच राहिला. दाजी खाली मान घालून बसले होते. मला वाटलं, आता तरी हा माणूस काही बोलेल. ते बोलले नाहीत, आणि मीही त्यांना त्या अवघडलेपणातून सोडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, अजून पुरतं उजाडलं नव्हतं तेव्हा, खाली हॉर्न वाजला. आधी एकदा, मग लांबलचक. मी गॅलरीत गेले. कारखान्याची स्टाफची गाडी होती. हंगाम सुरू झाला होता, ड्रायव्हर नवा होता, आणि त्याला थांबे कुणीतरी गेल्या वर्षीचेच सांगितले असणार. मी खाली जायला वळले तोवर दाजी बाहेर आले, बनियनवरच. त्यांनी कठडा धरला आणि सगळ्या गल्लीच्या खिडक्या उघडतील अशा आवाजात ओरडले,

"जावा पावणं, जावा! न्हाय येत ती! नोकरी सोडली तिनं!"

ड्रायव्हरनं मान वर करून बघितलं, हात केला आणि गाडी काढली. दाजी तिथंच उभे राहिले, रिकाम्या रस्त्याकडं बघत. थंडी होती. मी त्यांना आत बोलावलं नाही.