निरगुडसरचा केनिया

केनियाबद्दल केनियाच्या सरकारला जेवढी माहिती असेल, त्याहून थोडी जास्तच माहिती निरगुडसर गावाला आहे आणि ती सगळी माझ्या मामेसासऱ्यांपाशी आहे. बायकोचे मामा म्हणून मीही त्यांना मामाच म्हणतो. मामा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. आळेफाट्याच्या स्थानकात खिडकीत बसून त्यांनी नाशिकच्या आणि नगरच्या गाड्या इतकी वर्षं सोडल्या की निवृत्त झाल्यावरही कोणाला तरी कुठेतरी रवाना केल्याशिवाय त्यांना चैन पडेना. अशात एका दुपारी टीव्हीवर त्यांनी केनियातल्या वाइल्डबीस्टांचा कळप पाहिला. पावसामागे शेकडो कोस चालणारी, नदी ओलांडणारी, परत फिरणारी लाखो जनावरं. मामांचे वडील आयुष्यभर मेंढरं घेऊन असेच चालले होते. दसरा-दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात आणि पावसाच्या तोंडावर परत. लहानपणी मामाही त्या कळपामागे चालले. पुढे कॅनॉल आला, माळावर ऊस आला, वाटा बुजल्या आणि मामा एसटीत लागले. टीव्ही बघून झाल्यावर ते मामींना एवढंच म्हणाले, "आगं, ही तर आपलीच मेंढरं!" त्या दिवसापासून निरगुडसरहून केनियाची वाहतूक सुरू झाली.

मामा स्वतः मात्र कधीच गेले नव्हते. जाणाऱ्यांना ते सल्ला देत. शिनोलीपासून आळेफाट्यापर्यंत कोणालाही परदेशी जायची हुक्की आली की तो आधी मामांच्या ओट्यावर येई. सिंगापूरला जायचं म्हणून आलेला माणूसही केनियाला जायचं ठरवून उठे. आळेफाट्याचे एक डॉक्टर मुलांच्या सुट्टीत, म्हणजे मे महिन्यात जायचं म्हणत होते. मामांनी त्यांना सुपारी कातरता कातरता विचारलं, "मे मधी काय बघणार? रिकामा माळ? तवा जनावर पल्याड टांझानियात असतंय. त्याला व्हिसा लागत न्हाई, तुमाला लागंल." डॉक्टर म्हणाले, टूर कंपनीच्या पत्रकात तर बाराही महिने प्राणी दिसतील असं छापलंय. मामा शांतपणे म्हणाले, "डाक्टर, मेंढरू पावसामागं जातंय, पत्रकामागं न्हाई." डॉक्टरांनी मुलांची शाळा बुडवली आणि ऑगस्टात गेले. परत आले ते पेढे घेऊनच.

प्रवासाची तयारी हा मामांचा खरा प्रांत. पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक हवी, पिवळ्या तापाची सुई निघायच्या दहा दिवस आधी घेतलेली हवी आणि तिचं पिवळं कार्ड पासपोर्टातच ठेवायला हवं, ही त्यांची त्रिसूत्री. गावातला एक नवरदेव लग्नानंतर केनियाला जाणार होता. स्टेजवर आहेर देताना मामांनी त्याचा हात हातात घेतला आणि कानाशी जाऊन विचारलं, "सुई घेतली का?" नवरी दचकली. नवरदेव खिसे चाचपू लागला. मागे आहेराची रांग खोळंबली, पण पिवळं कार्ड डोळ्यांनी बघितल्याशिवाय मामा स्टेजवरून उतरले नाहीत.

आमची पाळी आली तेव्हा मला त्यांच्या अंगणातली तालीमही घडली. बाजेवर पुढेमागे प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून मामांनी जीप केली होती. "ज्याला लई बोलायची सवय, त्यानं डायवरच्या मागं बसायचं," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मग अर्धा तास आम्ही नवरा-बायको त्या बाजेवर मुकाट बसून समोरच्या गोठ्याकडे दुर्बिणीतून पाहत होतो. गोठ्यातून कुत्रं बाहेर आलं की मामा टीव्हीतल्या हिंदीत कुजबुजत, "शिकारी घात लगाके बैठा है." मी एकदा पाणी प्यायला खाली उतरलो, तर मला मेलेला जाहीर करून त्यांनी तालीम पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. नंतर सामानाची पाळी. तिकडच्या छोट्या विमानात पंधरा किलोच चालतं आणि बॅग मऊ लागते, चाकाची नाही. लिंबाच्या फांदीला ताणकाटा टांगून मामांनी आमची बॅग तोलली. साडेसतरा भरली. त्यांनी निळे-काळे कपडे काढले, कारण तिथली चावरी माशी त्या रंगांवर येते. माझ्या दोन पॅन्ट काढल्या, त्या कोणत्या माशीसाठी ते सांगितलं नाही. शेंगदाण्याच्या चटणीला मात्र हात लावला नाही. तिकडे प्लॅस्टिकच्या पिशवीला बंदी म्हणून ती फक्त स्टीलच्या डब्यात भरली.

एवढ्या बारकाव्यांच्या माणसाकडून एकच चूक झाली, आणि ती मेंढरं राखणाऱ्याच्या घरातच होऊ शकते. मामांकडे आजही चौदा मेंढ्या आहेत. घरामागे ऊस, उसात बिबट्या. त्यामुळे दिवस मावळायच्या आत मेंढ्या जाळीच्या वाड्यात घालून मोजायच्या, हा घरचा नेम. ज्यांना ज्यांना मामांनी रवाना केलं, त्यांनाही ते तसंच मोजत. दिवस मावळला की केनियाला फोन. पण सूर्य ते निरगुडसरचा धरत आणि तिकडे तेव्हा दुपारचे चार वाजलेले असत, म्हणजे नेमकी प्राणी बघायला बाहेर पडायची वेळ. आमचीही जीप तळावरून निघाली आणि फोन वाजला.

"समदी आत आली का?"

"मामा, आत्ता तर निघतोय," बायको म्हणाली.

"दिवस मावळताना निघताय? कुणी सांगितलं तुमाला? फिरा माघारी!"

सूर्य अजून डोक्यावर आहे, हे त्यांना पटेना. शेवटी बायकोने दुसऱ्या दिवशी सरळ खोटं सांगितलं की आलो मामा, आत आलो. तेवढ्यात शेजारच्या झुडपातून सिंहाने घसा साफ केला. पलीकडून मामांचा आवाज आला, "कोण घोरतंय गं एवढं?" बायको म्हणाली, "हे झोपलेत." तेव्हापासून माझ्या सासुरवाडीत माझ्या घोरण्याविषयी आदरमिश्रित काळजी आहे. घड्याळाच्या काट्यांचं गणित मामांना मी परतल्यावर समजावलं. त्यांनी ते वहीत टिपून घेतलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

त्या वहीतच माझ्या बायकोला मामांचा पासपोर्ट सापडला. लोकांना नमुना दाखवायला काढलाय, असं ते म्हणत. नमुन्यावर एकही शिक्का नव्हता आणि मुदत संपायला वर्षच उरलं होतं. गुडघ्यांची मुदत तर त्याआधीच संपायच्या बेतात होती. बायको म्हणाली, "मामा, या ऑगस्टात आम्ही पुन्हा जातोय, तुम्ही आमच्याबरोबर चला. आता नाही तर राहिलंच." मामांनी ठरलेलं उत्तर दिलं, "आन मेंढरं? मागं वाघ बसलाय. दिवस मावळायला घरात गडी नको?"

मामी चुलीपुढून उठून बाहेर आल्या. या बाई मोजकंच बोलतात. म्हणाल्या, "आवो, तुमी तीस वर्सं आळेफाट्याला गाड्या सोडत व्हता, तवा ही मेंढरं कोण वाड्यात घालत व्हतं? वाघ तवाबी हितंच व्हता."

मामा उठले. मला बांधावर घेऊन गेले आणि उसाकडे बघत म्हणाले, "पावणं, खरं सांगू का? मला सिंव्ह-बिंव्ह बघायचं न्हाई. कळप चालताना बघायचाय, आमच्या बाचा चालायचा तसा. पण एकदा बघून झालं, की मग मी काय करू? इतकी वर्सं त्याच्यावरच चाललंय बघा." मला हसू आलं नाही. मी त्यांचा हात धरला आणि म्हणालो, तुम्ही नाही आलात तर आम्हीही जात नाही. हे मात्र त्यांना चाललं नाही. ठरलेली गाडी रद्द करणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. मामा तयार झाले. त्यांची बॅग नऊ किलो भरली, त्यातली दोन किलो सुपारी.

नदीच्या काठी आम्ही पोचलो तेव्हा पलीकडच्या तीरावर नजर जाईल तिथवर जनावर उभं होतं. धूळ, हंबरणं आणि पाण्यात ओंडक्यांसारख्या पडलेल्या मगरी. आमचा ड्रायव्हर इंग्रजीत म्हणाला, आता उतरतीलच. मामा मराठीत म्हणाले, "न्हाई उतरत. पुढचं भित्रं हाय. त्याला मागं जाऊ दे, दुसरं येऊ दे." ड्रायव्हरने त्यांच्याकडे पाहिलं आणि इंजिन बंद केलं. त्याच्या घरीही गुरं-मेंढरं होती. तासभर ते दोघं आपापल्या भाषेत बोलत होते आणि दोघांनाही सगळं कळत होतं. तासाने खरंच पुढचं जनावर मागे सरलं, एक लुकडी मादी पुढे आली आणि तिने उडी घेतली. मग सगळा तीरच पाण्यात उतरला. मामांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. ओढा ओलांडताना मेंढरांना घालतात तशी बारीक शीळ त्यांच्या तोंडून आपोआप निघत होती. वडिलांनी शिकवलं तसं विसाविसाने मोजू लागले. एक ईस, दोन ईस, तीन ईस... आणि मग मोजणं सोडून लहान पोरासारखे हसायला लागले. "पावणं, मोजताच येत न्हाईत!"

नेमका तेव्हाच त्यांच्या खिशात मोबाईलचा गजर झाला. चार. निरगुडसरला दिवस मावळत होता. कळप अजून पाण्यात होता, तरी मामांनी नदीकडे पाठ केली आणि घरी फोन लावला. आवाज मोठा ठेवायची त्यांना सवय, त्यामुळे सगळ्या जीपने ऐकलं.

"समदी आली का वाड्यात?"

"चौदाच्या चौदा आली," मामी म्हणाल्या. मग म्हणाल्या, "माणूस एक कमी हाय."

मामांनी मांडीवरची टोपी उचलली. म्हणाले, "येतंय म्हणावं. त्याला वाट म्हाईत हाय."

फोन ठेवून ते वळले तेव्हा नदी मोकळी झाली होती. वरच्या माळावर नुसती धूळ दिसत होती. मी हळहळलो. "मामा, एवढ्या लांब आलो आणि शेवटचं बघायचं राहिलं." ते टोपी घालत म्हणाले, "र्‍हाऊ द्या की. समदं बघून संपवायचं कुठं व्हतं मला?"

मामा परत आले. पासपोर्टवर आता शिक्का आहे आणि ओट्यावर पूर्वीइतकीच गर्दी असते. जाणाऱ्याला ते पूर्वीसारखंच पावसाबद्दल, सुईबद्दल आणि पंधरा किलोंबद्दल सांगतात. पण तिकडून आल्यापासून, आम्ही कुठेही निघालेलो नसताना, दिवस मावळला की आमच्या पुण्याच्या घरी त्यांचा फोन येतो. "समदी आत आली का?" एवढंच विचारतात आणि ठेवतात. सुरुवातीला मी वैतागायचो. ऑफिसातून निघालेला नसलो तरी आलो म्हणून सांगायचो. आता मला ते खोटं बोलवत नाही. मी वेळेवर घरी येतो आणि फोनजवळ बसतो. तो पाच मिनिटं उशिरा आला, तर जीव थाऱ्यावर राहत नाही आणि मीच निरगुडसरला फोन लावतो.