पलंगाखालची मी

मला वाचवायला आलेल्या माणसापासूनच मी लपून बसले होते, एवढी मी शहाणी! अजूनही इस्त्रीखाली कापड करपलं की म्हैसुरातली ती दुपार आठवते.

आमचं घर रंगाऱ्यांचं. मागच्या खोलीत छापील कापडाचे गठ्ठे पेटले. धुरात दार सापडेना, तेव्हा तान्ह्या लेकीला छातीशी धरून मी पलंगाखाली शिरले. मग कुणाचा तरी खोल, घुरघुरणारा श्वास ऐकू आला. धुरातून एक आकृती वाकली. तिला तोंडच नव्हतं, नुसती काच आणि सोंडेसारखी नळी. यमच आला, असं वाटून मी आणखी मागे सरकले. लेक रडायची थांबली होती.

आकृतीने हात वर नेला आणि आपला चेहराच उपटून काढला! आतून घामाघूम, खोकणारा मिशाळ बंबवाला निघाला. “बन्नी अम्मा, बन्नी,” या बाई, या, असं कानडीत म्हणत त्याने आम्हा दोघींना बाहेर ओढलं.

अंगणात लेकीने टाहो फोडला. बंबवाला अजून खोकत होता. माझ्यासाठी मुखवटा काढून त्याने किती धूर गिळला, ते आज कळतं. तेव्हा मी त्यालाच मराठीत झापलं, “असलं सोंग घेऊन येतात होय?”

त्याने मराठीतच उत्तर दिलं, “अक्का, या सोंगाला भिऊन पोरं पलंगाखाली लपतात, म्हणून आम्ही आधी तिथंच वाकून बघतो. आई लपलेली आजच सापडली.”