पाइपातली चंद्रकोर

एका रविवारी सकाळी आमच्या कॉम्प्लेक्समधली निम्मी माणसं स्विमिंग पूलच्या पंपरूमबाहेर टीव्ही बघायला जमली. टीव्हीवर दिसणार होता आमच्या पूलचा पाइप! नव्वदच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. ठाण्यातलं खोपटचं घर सोडून आम्ही नुकतेच माजिवड्याला राहायला गेलेलो, आणि पूल म्हणजे आमच्या कॉम्प्लेक्सची शान होती.

तर दिवाळीच्या आधीपासूनच या शानीचं पाणी रोज वीतभर उतरत होतं... टँकर मागवून मागवून कमिटी जेरीस आलेली. चेअरमनसाहेबांनी गुन्हेगारही ठरवून टाकला होता. आम्ही, म्हणजे दुपारची बायकांची बॅच! आमच्या केसांनी आणि पिनांनी पाइप तुंबतो आणि मग फुटतो म्हणे. पाइपात कॅमेरा सोडल्यावर तसं दिसलं तर बॅच बंद, असं त्यांनी मीटिंगमध्ये जाहीर केलं होतं.

त्या बॅचमध्ये मी चाळिशीला पोहायला शिकत होते. शिकवायची शेजारची मंदा... कोळीवाड्यात वाढलेली, लहानपणापासून खाडीत पोहणारी. तिने पोटाखाली हात धरला की माझी बुडायची भीती जायची. लग्नानंतर पहिल्यांदाच दिवसातला एक तास फक्त माझा होता, आणि तो जाऊ नये म्हणून मी देवापुढे साखर ठेवून आलेले.

मुंबईहून आलेल्या माणसाने जाड केबलच्या टोकाचा चिमुकला कॅमेरा पाइपात सोडला. स्क्रीनवर गोल, ओला बोगदा दिसायला लागला... आणि टिकली! पाइपाला आतून चिकटलेली लालभडक टिकली. पुढे दुसरी, मग तिसरी, आणि मग एक चंद्रकोर. चंद्रकोर बॅचमध्ये मी एकटीच लावायचे.

पुरुषमंडळी खो-खो हसली. "अरे, ही कोणाची मिसेस रे?" असं कोणीतरी मागून ओरडलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमचे हेसुद्धा हसत होते... त्यांनी ती ओळखली होती का, हे विचारायचं धाडस मला आजवर झालेलं नाही.

"बघा! आम्ही काय म्हणत होतो?" चेअरमनसाहेब म्हणाले.

मंदा जागच्या जागी कडाडली, "अहो, टिकली काय पानी पिते? कॅमेरा जरा म्होरं तर जाऊ द्या!"

आणि मी काय केलं? तिचा हात दाबला. "गप गं, शोभा होते," म्हणाले. तिने माझ्याकडे नुसतं बघितलं.

कॅमेरा पुढे सरकला. लॉनखाली गेला आणि अडला... समोर चक्क बांबू! वरून पाइपात घुसलेला आणि तुटून आतच राहिलेला. आजूबाजूच्या फटीतून माती दिसत होती. पाणी तिथूनच जात होतं.

कोजागिरीला त्याच जागी मांडव घातलेला. "पूलच्या काठाशी वारा छान येतो," म्हणत चेअरमनसाहेबांनी स्वतः उभं राहून खड्डे खणून घेतलेले. पहार थेट पाइपावर बसली होती.

मग कोणीतरी म्हणालं, "चालायचंच हो, होतं असं." चेअरमनसाहेब हसले, चहा मागवला गेला, विषय संपला. तोच बांबू आमच्या बॅचने रोवला असता तर... जाऊ दे.

बॅच वाचली. मला आनंद व्हायला हवा होता, पण लाज काही जाईना. आधी वाटलं टिकलीचीच आहे. घरी येऊन भाजी चिरायला बसले तेव्हा कळलं, ती टिकलीची नव्हती. माझ्या त्या तासासाठी मंदा एकटी भांडत होती, आणि मी तिचंच तोंड बंद करत होते.

दुसऱ्या दिवशी काठावर बसून मी मुकाट्याने टिकली काढायला लागले. मंदा आधीच पाण्यात होती. कपाळावर रुपयाएवढी लाल टिकली! कालचं ती एका शब्दानं बोलली नाही. रोजच्यासारखा हात पुढे करून म्हणाली, "ये गो, उतर."

तिच्यामुळे मला पोहता येतं... आजही पाण्यात उतरताना माझा हात आधी कपाळाकडेच जातो. मग मंदाची ती नजर आठवते, आणि हात गुपचूप खाली येतो.