बाबांच्या डब्यांची चाकं

माझ्या धाकट्या भावाला चाकांतलं काही कळत नाही. हे मी त्याच्या तोंडावर सांगितलंय, म्हणून इथंही सांगायला मला लाज वाटत नाही.

बाबा नांदेड स्टेशनात नोकरीला होते. गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन ते खाली उतरायचे आणि एकेक चाक ठोकत जायचे. टण्ण वाजलं की चाक चांगलं. बद्द वाजलं की गाडी थांबवायची, मग आत कुणी का साहेब बसलेला असेना. रिटायर झाल्यावर त्यांनी तेलाच्या डब्यांचा पत्रा कापून आगगाडीचे पाच छोटे डबे केले, इंजिन आणि रूळ विकत आणले, पितळी चाकं निवडून घेतली आणि हॉलमध्ये पलंगाभोवती लाईन टाकली. दर रविवारी बुद्धवंदना झाली की गाडी सुटायची. आमच्या घरचा नेमच होता तो.

पुढं काचबिंदूनं बाबांची नजर गेली. गाडी मात्र चालू राहिली, आणि चालून चालून चाकांच्या कडा झिजल्या. डबे वळणावर रुळावरून खाली उतरायला लागले. मी लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. फोनवर भावाला बजावलं, "मापं घेऊन मी मागवते. तू हात लावू नको."

"अक्का, चाकंच तर हायती. त्यात काय एवढं?"

काय एवढं म्हणे. दोन चाकं जोडणारा आस जरा लांब झाला तर चाक अडकतं, आखूड झाला तर डबा डुगडुगतो. दोन चाकांमधलं अंतर चुकलं की रुळांच्या सांध्यावर गाडी पडलीच. धातूचं चाक घ्यायचं तर एका बाजूला करंट अडवणारी प्लास्टिकची बुशी लागते, नाहीतर दोन रुळांतला करंट एकमेकाला भेटतो आणि सगळंच बंद पडतं. पण ह्याला कोण सांगणार? हा घरातला शहाणा.

पुढच्या रविवारी एसटीनं नांदेडला पोचले तर सगळ्या डब्यांना काळी प्लास्टिकची चाकं बसवलेली. पितळी चाकं भंगारात गेली होती.

"बघ, लोण्यावानी चालून राहिली," भाऊ म्हणाला. "आवाज न्हाई काही न्हाई. रविवारी तरी घरात शांतता नको का माणसाला?"

म्हणजे चुकून नव्हे, ठरवून घेतली होती. त्यानं गाडी सोडली. इंजिनाची गुणगुण पंख्याच्या आवाजात बुडून गेली. बाबा पलंगावर कान देऊन बसलेले. दोन फेऱ्या झाल्या, तिसरी झाली.

"का रे, गाडी सोडत का न्हाईस?" बाबांनी विचारलं. त्या वेळी गाडी त्यांच्या पायाजवळून जात होती.

माझं डोकंच फिरलं. भावजयीसमोर, बाबांसमोर मी भावाला नाही नाही ते बोलले. त्यानंही लातूरला बसून हुकूम सोडणाऱ्या बहिणीचा उद्धार केला. "बाप संभाळतो कोण?" म्हणाला. ते खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं. मी न जेवता परत निघाले.

मग मी धातूची चाकं मागवली, डब्याला चार जोड याप्रमाणे पाच डब्यांचे वीस जोड. प्रत्येक जोड मोजून पाहिला. मला भावाची जिरवायची होती, खोटं कशाला बोलू? पुढच्या खेपेला ती चाकं बाबांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी चहाचा चमचा मागितला. आस दोन बोटांत धरून एकेक चाक चमच्यानं ठोकलं आणि कानाशी नेलं. चौदावा जोड त्यांनी बाजूला काढला.

"हे ढिलं हाय."

"नवंकोरं आहे बाबा, मी स्वतः मोजलंय."

"मोजलं असशील. ठोकलं न्हाईस."

मी चाक पिळून पाहिलं. आसावर फिरत होतं. भाऊ दारात उभा राहून गालातल्या गालात हसत होता, आणि मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली.

बाकीचे जोड मी डब्यांना बसवले. एक जोड कमी पडला म्हणून बाबांनी एक डबा लाईनवरून काढायला लावला. चारच डब्यांची गाडी सुटली. खडखड, खडखड, प्रत्येक सांध्यावर. बाबांची मान गाडीबरोबर फिरायला लागली, पलंगाच्या डोक्याकडून पायाकडं, परत डोक्याकडं. भावानं आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं, टीव्ही मोठा केला, मग आतूनच ओरडला, "आता बास करा की ते!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबा बोलले, त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"आवाज बंद करू नको, बाळा. मला तेवढंच दिसतंय."

टीव्ही बंद झाला. भाऊ बाहेर आला आणि भिंतीला टेकून खाली बसला. मी सगळ्यांना चहा केला, त्याला विचारला नाही.